थांबणाऱ्याचा कैवार

हरलेल्या माणसाने वाद घालू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. वाद घालायचा तर जिंकून घालावा. हरलेल्याचे बोलणे म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडे. हा संकेत मी आज मोडणार आहे, आणि तोही दिवाळीच्या अंकात, जिथे वाचक चकली मोडत पाने उलटत असतो आणि लेखकाने शक्यतो गोड बोलावे अशी अपेक्षा असते. वाचकांनी क्षमा करावी. पण हा राग मी बराच काळ पोटात ठेवला आहे आणि तो आता मावत नाही.

२०२३ सालच्या ऑक्टोबरात मी गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर होणाऱ्या एका मोठ्या शर्यतीत उतरलो आणि ती पुरी न करता परत आलो. शाळेत माझा सत्कार आधीच ठरलेला होता. हार आणून ठेवले होते, लेझीमचे पथक उभे होते, फळ्यावर रंगीत खडूंनी माझे नाव काढले होते. एवढी तयारी वाया कशी घालवायची, म्हणून सत्कार झालाच. अध्यक्षस्थानी असलेल्या गृहस्थांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि मुलांना सांगितले, "सरांचे शरीर तयार होते; मन कमी पडले. मुलांनो, शरीर थकते, मन थकत नाही, हे विसरू नका!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पाहुण्यांचा मान ठेवावा लागतो. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही. कारण ते वाक्य त्या गृहस्थांचे नव्हते. ते माझे होते. माझ्याच एका कादंबरीतून त्यांनी ते उचलले होते.

म्हणजे हा वाद मुख्यतः माझा माझ्याशीच आहे. वाचकांना मी साक्षीला बोलावतो आहे, इतकेच.

माझे शिक्षण दहावी, जुन्या भाषेत मॅट्रिक. त्यावर चित्रकला शिकवण्यापुरता अभ्यासक्रम केला आणि कोल्हापूरच्या बाजूला एका खेडेगावातील शाळेत मास्तर झालो. लहान शाळांत चित्रकलेच्या मास्तराच्या गळ्यात खेळाचे तासही पडतात. मला ते आवडत. संध्याकाळी मुलांना पळवायचे आणि रात्री कादंबऱ्या लिहायच्या, असा माझा संसार. त्यांतील एका कादंबरीचा नायक धावपटू आहे. तो उन्हात धावतो, पाय रक्ताळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, तरी तो थांबत नाही आणि शेवटच्या रेषेवर कोसळतो. वाचकांची पत्रे आली. एका बाईंनी कळवले, मुलाला हा प्रसंग तीनदा वाचून दाखवला. मला किती धन्य वाटले होते!

आता ती शर्यत कसली ते सांगतो. तिला ट्रायथलॉन म्हणतात. आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे, आणि मधे विश्रांती नाही. पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांत खरा दमदार कोण, असा वाद १९७७ साली हवाई बेटांत काही हौशी मंडळींत निघाला. वाद तोंडाने मिटेना, तेव्हा त्यांनी तिन्ही प्रकार एकाच दिवसात करायचे ठरवले आणि जो पहिला येईल त्याला 'आयर्नमॅन', म्हणजे लोखंडी माणूस म्हणायचे ठरले. पंधरा जण निघाले, बारा पोहोचले. त्या बारांची नावे लोक अजून काढतात. उरलेल्या तिघांविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. माझ्या लेखाचा विषय ते तिघे आहेत.

पुढे या शर्यतीचा अर्ध्या अंतराचा प्रकार निघाला: १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. एकूण ११३ किलोमीटर. साडेआठ तासांत पुरे करावे लागते. आपल्या देशात या नावाची अशी शर्यत २०१९ साली गोव्यात पहिल्यांदा झाली. म्हणजे मी गेलो होतो तो अर्धा लोखंडी होण्यासाठी. आई म्हणाली, "पितरांच्या पंधरवड्यात कुणी शर्यतीला जातं का?" मी हसलो. लोखंडाला पितृपक्ष नसतो.

वर्षभर मी तयारी केली होती. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो होतो. आता नदीत पोहलो. सायकल एका माजी विद्यार्थ्याची मागून आणली. रोज पहाटे पाचला उठून रस्त्याला लागत असे, आणि ऊन चढायच्या आत आंघोळ करून शाळेत. इथेच माझी पहिली चूक झाली. माणसाच्या शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि ती सवय उन्हात काम केल्यानेच होते. मी बारा महिने गारव्यात तयारी केली आणि परीक्षा द्यायला कोकणपट्टीच्या भर दुपारी गेलो.

समुद्राने मला त्रास दिला नाही. पाणी कोमट होते; पोहण्याला सत्तर मिनिटे मिळतात, मी अठ्ठेचाळीस मिनिटांत बाहेर आलो. त्यामुळे डोक्यात वारे शिरले. सायकलवर एक पन्नाशीच्या बाई शांतपणे माझ्या पुढे गेल्या, ते मला सोसले नाही. मी त्यांना गाठले, मागे टाकले, त्यांनी पुन्हा मला मागे टाकले. असे तासभर चालले. ही दुसरी चूक. धावायला लागलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. मिरामारहून दोना पावलाकडे जाणारा रस्ता सुंदर आहे, असे म्हणतात. मला तो फक्त पांढरा दिसला.

दहा किलोमीटरपर्यंत घामाच्या धारा लागल्या होत्या. बाराव्याच्या सुमारास मला थंडी वाजू लागली. भर उन्हात अंगावर काटा आला आणि मी मनात म्हटले, वा, ऊन कमी झाले! चौदाच्या पाटीपाशी आलो. उरले किती, याचा हिशेब करू लागलो, आणि तो येईना. एकवीसातून चौदा गेले किती? वीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला मास्तर तिथे उभा राहून बोटे मोजत होता. पाणी देणाऱ्या मुलीने विचारले, "काका, बरं वाटतंय ना? किती राहिले?" मी म्हणालो, "तेरा." तिने माझ्याकडे निरखून पाहिले.

माझ्या डोक्यात त्या वेळी एकच वाक्य घुमत होते: दोर कापले आहेत, दोर कापले आहेत. मुलांना पळवताना मी नेहमी हेच ओरडतो. आणि त्या वाक्यामागोमाग एक मुलगा डोळ्यांपुढे आला. मी त्या मुलीला म्हणालो, "मला बसव." सावलीत नेऊन निजवले, मानेला आणि काखेत बर्फ लावला. डॉक्टर होते. अर्ध्या तासाने मला एकवीसातून चौदा वजा करता आले. सात! आणि हाताशी जवळजवळ दोन तास होते. सात किलोमीटर दोन तासांत म्हातारी माणसेही चालत जातात, असे मला नंतर अनेकांनी ऐकवले. हिशेब बरोबर आहे. पण हिशेब करणारे यंत्रच बिघडले होते, ही गोष्ट ते विसरतात.

आता त्या मुलाविषयी. २०१७ सालचा ऑक्टोबर. शाळांची स्पर्धा होती. तीन हजार मीटर धावण्याची शर्यत सकाळी आठला व्हायची, ती पाहुणे उशिरा आले म्हणून साडेअकराला सुटली. आमचा आठवीतला मुलगा तिसरा चालला होता. शेवटच्या दोन फेऱ्यांत त्याची चाल मोडली, कूस धरून तो वाकला. मी मैदानाच्या कडेने त्याच्याबरोबर पळत ओरडू लागलो, "दोर कापलेत रे! मागं बघू नको!" तो पळाला. तिसरा आला. आणि रेषेपलीकडे दहा पावले जाऊन आडवा झाला. ओकला, भलतेसलते बोलू लागला, आईला हाका मारू लागला. आम्ही मास्तर मंडळी 'गाडी आणा, गाडी आणा' करीत सैरावैरा धावत होतो. शाळेचे शिपाईमामा तेवढे शहाणे निघाले. त्यांनी मुलाला उचलून लिंबाखाली नेले, सदरा काढला आणि पाण्याची कळशी त्याच्यावर रिकामी केली. मग दुसरी, मग तिसरी. "आधी पोराला गार करा, मग गाडी हुडका," ते म्हणाले. आज मी वैद्यकाची पुस्तके वाचतो तेव्हा त्यांतही हेच सापडते: उष्माघातात आधी थंड करणे, मग हलवणे. मामा कोणत्या शाळेत शिकले होते, देव जाणे.

मुलगा दोन दिवस दवाखान्यात राहून घरी आला. मी भेटायला गेलो आणि मास्तरकीच्या सवयीने विचारले, "अरे, एवढं होत होतं तर थांबायचं नाहीस का?" तो म्हणाला, "सर, तुम्ही वरडत हुता. थांबायचं कसं?"

वाचकहो, यानंतरच्या वर्षी मी ती कादंबरी लिहिली. रेषेवर कोसळणारा नायक मला त्याच मैदानावर मिळाला. फक्त कळशी, शिपाईमामा आणि ते उत्तर मी गाळले. माझ्या आयुष्यात मी केलेले सर्वांत वाईट लिखाण ते आहे, आणि लोकांना नेमके तेच आवडले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 'शरीर थकते, मन थकत नाही' हे वाक्य खोटे आहे. ते अपुरे आहे असे मी म्हणत नाही. खोटे आहे असे म्हणतो. जणू शरीर हा घोडा आणि मन हा त्यावर बसलेला स्वार. घोडा फेसाळला तरी स्वार ताजातवाना! अहो, मन राहते कुठे? ते मेंदूच्या आधाराने राहते, आणि मेंदू शरीराबाहेर सावलीत खुर्ची टाकून बसलेला नसतो. आतले तापमान चाळीस अंशांपलीकडे गेले की पहिला घोटाळा होतो तो तिथेच. हिशेब चुकतो, बोलणे चुकते, आपण बिघडलो आहोत हे ओळखण्याची शक्तीच जाते. म्हणजे ज्या क्षणी आपण मुलाला 'मनाचे ऐक' म्हणतो, नेमक्या त्याच क्षणी त्याचे मन सर्वांत कमी भरवशाचे असते. पायांचा गोळा खरे बोलतो, अंगावरचा काटा खरे बोलतो. खोटे बोलते ते तापलेले डोके.

आणि ताप येतो कुठून? स्नायू काम करतात तेव्हा अन्नातून मिळालेल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा चाक फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्या तीन हिश्श्यांची आच होते. ती बाहेर टाकायला निसर्गाने घाम दिला. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो उडून जावा लागतो. एक लिटर घाम पुरता वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच टपकून खाली पडला तर काहीच नेत नाही. आपल्या घरातला माठ पाहा. सोलापूरच्या कोरड्या हवेत तो पाणी गार करतो. कोकणच्या दमट हवेत तोच माठ रुसून बसतो. माणूस हाही एक माठच आहे. त्याला लोखंड म्हटल्याने त्याची माती बदलत नाही. आणि लोखंड तरी काय, उन्हात ठेवले तर सर्वांत आधी तापते!

१९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सिस्को लाझारो नावाचा पोर्तुगीज तरुण, पेशाने सुतार, मॅरेथॉन धावत होता. उन्हापासून बचाव म्हणून त्याने अंगाला चरबी फासली होती असे सांगतात. घामाची वाटच बंद झाली. तो तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. त्याचे मन कमी पडले काय? २०१९ साली दोह्याच्या जागतिक स्पर्धेत उन्हाच्या भयाने स्त्रियांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली. तरीही सुटलेल्या अडुसष्ट जणींपैकी चाळीसच शेवटपर्यंत गेल्या. जगातल्या निवडक धावपटूंपैकी अठ्ठावीस जणींची मने एकाच रात्री कमी पडली काय?

२०१६ साली मेक्सिकोतील कोझुमेल येथे ट्रायथलॉनच्या शर्यतीत धाकटा भाऊ जॉनी ब्राऊनली सर्वांच्या पुढे होता. शेवटच्या टप्प्यात उन्हाने त्याचे पाय लटपटले. मागून येणाऱ्या थोरल्या भावाने, ॲलिस्टरने, स्वतःच्या विजयाची आशा सोडून त्याला खांद्याचा आधार दिला, ओढत नेले आणि रेषेपलीकडे आधी त्यालाच ढकलले. साऱ्या जगाने ते दृश्य पाहून डोळे पुसले. मीही पुसले. पण थोरल्याने नंतर जे सांगितले ते कोणी ध्यानात ठेवले नाही. त्याचे म्हणणे असे की, याने बेताने धाव घेतली असती, शेवटचे दोन किलोमीटर नुसता रमतगमत आला असता, तरी जिंकला असता. यालाच मी भाऊ म्हणतो. खांदाही देतो आणि कानही उपटतो.

इथे माझे विरोधक इतिहास काढतील. काढू द्या, मलाही तो थोडा येतो. "गुरुजी," ते म्हणतील, "दोर कापले नसते तर कोंढाणा मिळाला असता काय?" नसता मिळाला. तानाजीला आणि सूर्याजीला माझे शतशः दंडवत. पण तोच कोंढाणा महाराजांनी पाच वर्षे आधी, १६६५ च्या पुरंदरच्या तहात, स्वतः मोगलांना देऊन टाकला होता. तो एकटा नव्हे, तेवीस किल्ले! त्या दिवशी महाराजांचे मन कमी पडले होते, असे म्हणण्याची या मुलखात कोणाची छाती आहे? त्यांनी माणसे राखली, राज्याचे मूळ राखले, आणि १६७० साली वेळ येताच कोंढाणा परत घेतला. माघार हे युद्धाचेच अंग आहे हे ज्याला कळत होते, त्याच्याच राज्यात तानाजीच्या मरणाला अर्थ आला. आपण मात्र मुलांना दोर कापण्याची गोष्ट सांगतो आणि तहाची गोष्ट परीक्षेपुरती पाठ करून घेतो. शिवाय, एक गोल पदक म्हणजे कोंढाणा नव्हे, हे तरी कोणी सांगेल की नाही?

उन्हात खरोखर काम करणाऱ्यांना हे सारे ठाऊक असते. माझी आई जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात भांगलायला गेली. बायका उजाडताच कामाला लागत, ऊन डोक्यावर आले की झाडाखाली भाकरी सोडत, आणि उन्हे कलल्यावर पुन्हा वाकत. त्यांना कोणी भित्र्या म्हटले नाही. ज्यांना असे थांबता येत नाही, वीटभट्टीवरचे, रस्त्यावर डांबर ओतणारे, त्यांच्या न थांबण्याला आपण जिद्द म्हणतो काय? ती लाचारी आहे, हे आपल्याला कळते. मग जे गरिबाच्या बाबतीत दुर्दैव, तेच हौशी माणसाच्या बाबतीत शौर्य कसे ठरते? आणि ऊन तर धावणाऱ्यालाच गाठते असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात लाखो माणसे एका सोहळ्याला आली होती. ती धावत नव्हती, बसली होती. उन्हाने चौदा जणांचे प्राण घेतले.

मग मुलांनी कष्टच करू नयेत काय, असा प्रश्न येईल. अवश्य करावेत! मी अजूनही पहाटे धावतो. मुलांनाही धावायला लावतो. दमणे वेगळे आणि बिघडणे वेगळे. दमलेला मुलगा कुरकुरतो, शिव्या घालतो, पाणी मागतो. त्याला खुशाल चिथवा. बिघडलेला मुलगा गप्प होतो, अडखळतो, उन्हात कुडकुडतो, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देतो. त्याला चिथवणारा मास्तर, मग तो किती का चांगल्या कादंबऱ्या लिहीत असेना, गुन्हेगार आहे. हा भेद ओळखायला वैद्य व्हावे लागत नाही, लक्ष लागते.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून क्रीडामहोत्सव सुरू होतील. म्हणून चार मागण्या करतो. धावण्याच्या शर्यती ऊन चढायच्या आत उरकाव्या. पाहुणे आले नाहीत तर पाहुण्यांवाचून. मैदानावर सावली, मीठ-साखरेचे पाणी आणि बर्फ असावा. आणि नुसते पाणी तांब्यामागून तांब्या ढोसणेही घातक असते, हे मुलांना सांगावे. मुलाला थांबवण्याचा अधिकार अशा एका माणसाला द्यावा, ज्याला त्याच्या जिंकण्यात काडीचाही रस नाही. आमच्याकडे आता ते काम शिपाईमामा करतात. आणि चौथी मागणी सर्वांत अवघड: जो मुलगा आपणहून थांबतो, त्याला कोणीही, एका शब्दानेही, एका नजरेनेही, खाली पाहायला लावू नये.

मी पुन्हा गोव्याला गेलो की नाही, हे अनेक जण विचारतात. ते मी इथे सांगणार नाही. गेलो आणि पदक आणले असे म्हटले, तर तुम्ही म्हणाल, पाहा, शेवटी जिद्दच जिंकली. नाही आणले म्हटले, तर म्हणाल, पाहा, कोल्ह्याला द्राक्षे आंबट. माझे म्हणणे पदकावर तोलायचे नाही.

मात्र एक सांगतो. सत्काराच्या दिवशी सगळे पांगल्यावर तो मुलगा आला. आता तो चांगला बाप्या झाला आहे, दूध डेअरीची गाडी चालवतो. फळ्यावरचे माझे नाव वाचत थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "सर, थांबलासा ते बरं केलंसा." त्या गाडीतूनच त्याने मला घरी सोडले. वाटेत दोघांनीही काही बोलणे केले नाही. प्रकाशकांना मी कळवले आहे की, त्या कादंबरीची पुढची आवृत्ती निघाली तर शेवटचे प्रकरण बदलायचे आहे. ते म्हणतात, वाचकांना आवडणार नाही. वाचकांनी काय ते कळवावे.